वारा, कमी उंची आणि हेलिकॉप्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणुका, लग्नं, यात्रा, पुष्पवृष्टी अशा निमित्तांनी आता गावोगावी हेलिकॉप्टर उतरतं. एखादा अपघात झाला की "वाऱ्यामुळे पडलं" एवढंच कानावर येतं आणि चर्चा तिथेच थांबते. पण वाऱ्याने नेमकं काय केलं, पायलटच्या हातात काय होतं आणि खाली उभ्या असलेल्या आपल्या हातात काय होतं, हे कळलं तर यातले बरेच अपघात टाळता येतात. मैदानावर हेलिपॅडची तयारी करताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तेच इथे घेतले आहेत.

वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर पडतं म्हणजे वारा त्याला ढकलून पाडतो का?

सहसा नाही. पुढे वेगात जाणारं हेलिकॉप्टर चांगल्यापैकी वारा सहन करतं. धोका असतो तो उतरताना, उडताना, एका जागी तरंगताना आणि कमी वेगात वळताना, म्हणजे जमिनीपासून शंभरएक मीटरच्या आत. अशा वेळी इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद हेलिकॉप्टर नुसतं वर धरून ठेवण्यातच खर्च होत असते. त्यात वाऱ्याने दिशा बदलली की जास्तीची ताकद लागते, आणि ती शिल्लक असेलच असं नाही. शिल्लक नसेल तर हेलिकॉप्टर खाली बसतं, नाहीतर स्वतःभोवती फिरायला लागतं. चूक सुधारायला उंचीही नसते आणि वेळही नसतो.

मग जोराचा वारा वाईट आणि मंद वारा चांगला, असंच ना?

हा समज फार पक्का बसलेला आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. समोरून येणारा वारा हेलिकॉप्टरला मदत करतो. वरच्या मोठ्या पंख्याच्या, म्हणजे रोटरच्या पात्यांना ताजी, न घुसळलेली हवा मिळाली की तेवढ्याच ताकदीत जास्त उचल मिळते. हा फायदा साधारण १६ ते २४ नॉटच्या आसपास पुरता जाणवतो. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) म्हणजे ताशी ३०-४० किलोमीटरचा वारा नाकासमोरून येत असेल तर पायलट खूश असतो. तोच वारा शेपटीकडून आला तर मिळालेला फायदा जातो आणि वर संकट उभं राहतं.

म्हणून "वारा किती आहे" याच्या बरोबरीनेच "वारा कुठून आहे" हे विचारावं लागतं. आणि तिसरा प्रश्न असा, की तो एकसारखा आहे की झोताझोताने येतोय? ताशी ३५ किलोमीटरचा एकसारखा वारा बरा. दहावरून अचानक तीसवर जाणारा आणि दिशा बदलणारा वारा वाईट.

शेपटीवरचा छोटा पंखा कशासाठी असतो?

वरचा मोठा रोटर एका दिशेने फिरला की हेलिकॉप्टरचं धड उलट दिशेने फिरू पाहतं. ते सरळ धरण्याचं काम हा छोटा पंखा, म्हणजे टेल रोटर करतो. पायलटच्या पायाखाली दोन पेडल असतात. त्यांनी टेल रोटरचा जोर कमी-जास्त होतो आणि नाक डावीकडे किंवा उजवीकडे वळतं. वरच्या रोटरला जितकी जास्त ताकद द्याल, तितका धड फिरवण्याचा जोर वाढतो आणि तितकं जास्त काम टेल रोटरवर येतं. पुढचं सगळं समजायला एवढं पुरेसं आहे.

धडधाकट हेलिकॉप्टर अचानक गरगर फिरायला का लागतं?

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टेल रोटर शाबूत आहे, फिरतोय, काहीही तुटलेलं नाही, तरी त्याचा जोर अपुरा पडतो आणि नाक पायलटने न सांगता वळायला लागतं. वैमानिकांच्या बोलण्यात याला 'एल.टी.ई.' म्हणतात, म्हणजे टेल रोटरचा प्रभाव कमी पडणं. हे साधारण ३० नॉटपेक्षा, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरपेक्षा कमी वेगात होतं, आणि तिथे वाऱ्याची दिशा निर्णायक ठरते.

नाकासमोर १२ वाजले आहेत असं धरून दिशा सांगू. ज्या हेलिकॉप्टरचा मोठा रोटर वरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो (बेल, रॉबिन्सन, सिकोर्स्की), त्याची गोष्ट आधी. वारा डावीकडून, साधारण १० च्या दिशेने आला, तर मोठ्या रोटरच्या पात्यांच्या टोकांशी तयार झालेले भोवरे मागे वाहत थेट टेल रोटरवर जातात. टेल रोटरला घुसळलेली हवा मिळते आणि त्याचा जोर क्षणाक्षणाला वरखाली होतो. वारा थेट डाव्या अंगाने, म्हणजे ७ ते ११ च्या पट्ट्यातून आला, तर टेल रोटरने फेकलेली हवा वारा पुन्हा त्याच्याच तोंडात ढकलतो. पायलटचे पाय पेडलवर सतत नाचायला लागतात, कारण एकच एक जोर टिकत नाही. आणि वारा मागून, ४ ते ८ च्या पट्ट्यातून आला, तर शेपटीच्या उभ्या पंखावर तो दाबला जातो आणि हेलिकॉप्टर इमारतीच्या शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवायला बसवलेल्या फिरत्या कोंबड्यासारखं (वातकुक्कुटासारखं) नाक वाऱ्याकडे फिरवू पाहतं. फिरायला सुरुवात झाली की वेग वाढत जातो, आणि फिरता फिरता शेपटी एका वाईट पट्ट्यातून दुसऱ्या वाईट पट्ट्यात शिरते.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. शेपटीकडून वारा आला की मोठ्या रोटरचा मघाचा फायदा जातो आणि हेलिकॉप्टर खाली बसायला लागतं. पायलट सहजप्रवृत्तीने ताकद वाढवतो. ताकद वाढली की धड फिरवण्याचा जोर वाढतो. आधीच दमलेल्या टेल रोटरवर आणखी ओझं पडतं. खाली बसणं थांबवायला केलेली कृतीच गिरकीला खतपाणी घालते. तपास अहवाल वाचताना ही साखळी वारंवार दिसते, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण यातला प्रत्येक टप्पा माणसाच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक असतो.

सगळ्या हेलिकॉप्टरांना डावीकडचाच वारा बाधतो का?

नाही. फ्रेंच आणि रशियन घडणीच्या बऱ्याच हेलिकॉप्टरांचा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो. आपल्या लष्करातली चेतक आणि चीता मूळ फ्रेंच, एमआय-१७ रशियन, तसंच चार्टरला सर्रास दिसणारं एअरबसचं एच-१२५. यांच्यासाठी वरचं सगळं चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं करायचं. उजवीकडचा वारा त्रासाचा, आणि गिरकी डावीकडे. मागचा वारा मात्र दोन्ही घराण्यांना सारखाच नको असतो.

टेल रोटर शेपटीच्या आत, कड्यात बसवलेला असेल तर हा धोका जातो का?

कमी-जास्त होतो, पूर्ण जात नाही.

हे सगळं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

अमेरिकी लष्कराच्या. त्यांची ओएच-५८ कायोवा ही टेहळणीची हेलिकॉप्टरं झाडांच्या शेंड्यांलगत, अगदी हळू उडायची. काही तुटलेलं नसताना ती उजवीकडे गरगरून पडायला लागली, तेव्हा अभ्यास झाला आणि वाऱ्याचे पट्टे नकाशासारखे आखले गेले. त्याच कुळातल्या नागरी बेल २०६ साठी १९८४ मध्ये बेल कंपनीने वैमानिकांना सूचनापत्र काढलं. १९९५ मध्ये अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने यावर स्वतंत्र मार्गदर्शक परिपत्रक काढलं, आणि २०१७ मध्ये तिथल्या अपघात तपास मंडळाला पुन्हा सुरक्षा इशारा द्यावा लागला. विषय माहीत होऊन तीस वर्षं उलटली तरी इशारे द्यावे लागतात, याचं कारण साधं आहे. परीक्षेत हे पट्टे पाठ असतात. प्रत्यक्ष उडताना पायलटचं लक्ष जमिनीवरच्या गर्दीवर, तारांवर किंवा कॅमेऱ्यात टिपायच्या दृश्यावर असतं, आणि वारा डोळ्यांना दिसत नाही.

एखादं खरं उदाहरण सांगाल का?

४ ऑक्टोबर २०११. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ३४ व्या रस्त्याच्या टोकाला, ईस्ट नदीच्या काठावर हेलिपोर्ट आहे. तिथून बेल २०६ जातीचं हेलिकॉप्टर पायलट आणि चार पर्यटक पाहुण्यांना घेऊन उडालं. उडाल्यावर लगेच ते पायलटच्या मनाविरुद्ध वळायला लागलं आणि नदीत पडून उलटं झालं. पायलट वाचला. प्रवाशांपैकी एक महिला त्याच दिवशी गेली, आणखी दोघी नंतर दगावल्या.

तपासात यंत्रात दोष सापडला नाही. सापडलं ते असं: उड्डाणाच्या वेळी वजन ठरलेल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त होतं, वेग कमी होता, आणि या दोन्हीला वाऱ्याची साथ प्रतिकूल होती. टेल रोटर अपुरा पडेल अशी परिस्थिती आहे हे पायलटने आधी ओळखलं नाही, असा निष्कर्ष अपघात तपास मंडळाने काढला. वजनाचा आगाऊ हिशेब नीट केला नव्हता, हेही नोंदवलं गेलं.

वजनाचा मुद्दा मला इथे सगळ्यात बोलका वाटतो. त्या दिवशी वादळ नव्हतं. तोच वारा कमी वजनात पेलला गेला असता, असं मला वाटतं. जास्त वजन म्हणजे जास्त ताकद, जास्त ताकद म्हणजे टेल रोटरवर जास्त भार, आणि मग वाऱ्याच्या एखाद्या झोतासाठी राखीव काहीच उरत नाही.

केदारनाथचा तो व्हायरल व्हिडिओ, हेलिकॉप्टर गोल गोल फिरत खाली येतं तो, त्यात वाराच होता का?

असे दोन व्हिडिओ फिरतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला ३१ मे २०२२ चा. त्यात हेलिकॉप्टर केदारनाथच्या हेलिपॅडवर टेकता टेकता ताबा सुटून फिरतं आणि आदळतं. दुसरा २४ मे २०२४ चा. त्यात हेलिकॉप्टर हेलिपॅडच्या अलीकडे हवेतच गरगरत उताराच्या दिशेने सरकतं आणि जेमतेम जमिनीला टेकतं. दोन्ही वेळा आतले सगळे वाचले. दुसऱ्या घटनेत सहा यात्रेकरू आणि पायलट होते, आणि प्रशासनाने त्याच दिवशी तांत्रिक बिघाड असं कारण सांगितलं होतं.

व्हिडिओ पाहून निदान करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. वाऱ्याने दमलेला टेल रोटर आणि यंत्रबिघाडाने निकामी झालेला टेल रोटर, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात २७ ऑक्टोबर २०१८ ला फुटबॉल मैदानातून उडालेलं हेलिकॉप्टर असंच गरगरत पडलं आणि पाचही जण गेले. त्यात लेस्टर सिटी क्लबचे मालक होते.  २०२३ मध्ये अंतिम अहवाल आला, त्यात कारण निघालं टेल रोटरच्या यंत्रणेतलं निकामी झालेलं बेअरिंग. त्या पायलटला कितीही कौशल्य असतं तरी ते हेलिकॉप्टर सावरता आलं नसतं.

तरीही केदारनाथची जागा वाऱ्याच्या दृष्टीने अवघडच आहे. उंची साधारण ३,५८० मीटर. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असते, त्यामुळे इंजिन, मोठा रोटर आणि टेल रोटर तिघेही कमजोर. मंदाकिनीची दरी अरुंद, वळायला जागा कमी. पहाटे हवा शांत असते. उतारांवर ऊन चढलं की दरीतून वर वारा सुटतो आणि दुपारी तो जोर धरतो. डोंगरात उडणारे वैमानिक शक्य तितकं काम सकाळीच उरकतात ते यामुळेच. "आमचा नंबर दुपारी लागला, तेव्हा तर आकाश निरभ्र होतं, मग फेरी रद्द का केली?" असा प्रश्न यात्रेहून परतलेले लोक विचारतात. उत्तर हेच, की आकाश निरभ्र असताना दरीतला वारा जास्तच जोमात असतो.

गिरकी सुरू झाल्यावर पायलट काय करतो?

उलट दिशेचं पेडल पूर्ण, शेवटपर्यंत दाबतो आणि दाबून धरतो. त्याच वेळी नाक खाली करून पुढे वेग घ्यायचा प्रयत्न करतो. उंची असेल तर ताकद कमी करतो, म्हणजे धड फिरवणारा जोरच घटतो. जमीन अगदी जवळ असेल आणि गिरकी थांबतच नसेल, तर इंजिनाची ताकद काढून घेऊन नुसत्या फिरत्या पात्यांवर उतरणं हा शेवटचा मार्ग.

यात "दाबून धरतो" हे शब्द महत्त्वाचे. पेडल दाबल्या दाबल्या गिरकी थांबत नाही, तिला काही सेकंद लागतात. तेवढ्यात पायलटला वाटतं की टेल रोटरच गेला, आणि तो पेडल सोडतो किंवा दुसरंच काही करू लागतो. एअरबस हेलिकॉप्टर्सने २०१९ च्या आपल्या सुरक्षा सूचनेत नेमकं यावरच बोट ठेवलं: पूर्ण पेडल द्या आणि गिरकी थांबेपर्यंत सोडू नका.

हेलिकॉप्टर स्वतःच्याच वाऱ्यात अडकतं म्हणतात, ते काय?

रोटर हवा खाली ढकलतो. हेलिकॉप्टर जवळजवळ सरळ खाली, मिनिटाला तीनशे फुटांपेक्षा जास्त वेगाने आणि पुढचा वेग नसताना उतरायला लागलं, तर ते आपणच खाली ढकललेल्या हवेत शिरतं. पात्यांच्या कडेने भोवऱ्यांचं कडं तयार होतं आणि उचल कोसळते. इथे ताकद वाढवणं म्हणजे चिखलात रुतलेल्या चाकाला जास्त रेस देण्यासारखं आहे, आणखी खोल जाता. बाहेर पडायचं तर पुढे किंवा बाजूला सरकून स्वच्छ हवेत जावं लागतं. शेपटीकडून वारा असताना उतरलं की पायलट नकळत या सापळ्यात सापडतो, कारण जमिनीच्या मानाने तो पुढे सरकत असतो पण हवेच्या मानाने जवळजवळ स्थिर असतो.

१२ ऑगस्ट २०१७ ला व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल इथे राज्य पोलिसांचं बेल ४०७ असंच पडलं आणि दोन पोलीस गेले.

भिंतींनीही हवा अडते आणि उलटून येते. २ मे २०११ ला पाकिस्तानातल्या ॲबटाबादला ओसामा बिन लादेनविरुद्धच्या कारवाईत अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर त्याच्या घराच्या आवारात खाली बसलं, ते आपल्याला आठवतच असेल. सरावासाठी उभारलेल्या नमुन्यात कुंपण जाळीचं होतं, खऱ्या आवाराला उंच पक्क्या भिंती होत्या. त्यात रात्र गरम. जाळीतून हवा बाहेर गेली असती, भिंतींनी ती अडवली. आपल्याकडे शाळेच्या आवारात, दोन बाजूंना इमारत आणि तिसऱ्या बाजूला मंडप अशा जागेत हेलिपॅड मागणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

डोंगरात वारा कुठे दगा देतो?

डोंगराच्या ज्या अंगावर वारा येऊन आदळतो तिथे तो वर चढतो, आणि पलीकडच्या अंगाला खाली कोसळतो. त्या पलीकडच्या अंगाला हेलिकॉप्टर हळू उडत असेल तर खाली येणारी हवा त्याला घेऊनच खाली जाते. पावसाळ्यात सह्याद्रीवर पश्चिमेचा वारा असतो, म्हणजे घाटमाथ्याची देशाकडची बाजू त्या दिवसांत जास्त फसवी. म्हणूनच डोंगरधार ओलांडताना पायलट तिला सरळ न भिडता तिरका जातो, म्हणजे हवा खाली खेचू लागली तर चटकन दरीकडे वळून निघता येतं.

३० मे २००२ ला अमेरिकेतल्या माउंट हूडवर गिर्यारोहकांना वाचवायला गेलेलं हवाई दलाचं पेव्ह हॉक हेलिकॉप्टर बर्फाच्या उतारावर कोसळून गडगडत खाली गेलं, आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी ते सगळं टिपलं. हेलिकॉप्टरमधले सगळे वाचले, हे आजही खरं वाटत नाही. विरळ हवा, जास्त वजन, दिशा बदलणारा वारा आणि एका जागी तरंगून करायचं काम, सगळं एकत्र आलं होतं.

२०१७ मध्ये निलंग्याला मुख्यमंत्र्यांच्या हेलिकॉप्टरचं काय झालं होतं?

२५ मे २०१७. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याहून उडाल्यावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं सिकोर्स्की एस-७६ थोडं वर गेलं, खाली आलं आणि विजेच्या तारांमध्ये अडकून पडलं. सगळे सुखरूप बाहेर पडले. वाऱ्याची दिशा बदलल्यामुळे पायलटने पुन्हा उतरायचं ठरवलं आणि उतरताना तारा आड आल्या, अशी माहिती तेव्हा दिली गेली.

मे महिना लक्षात घ्या. समुद्रसपाटीपासून सहाशे-साडेसहाशे मीटरवरच्या गावात ४० अंश ऊन असेल, तर हेलिकॉप्टरला ती हवा साधारण १,६०० ते १,७०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ लागते. मराठवाडा, विदर्भातल्या उन्हाळी सभांना हा हिशेब दरवेळी लागू पडतो. सकाळी नऊला ज्या मैदानातून चार माणसं घेऊन सहज उडता आलं, तिथूनच दुपारी दोनला तीच चार माणसं जड होतात.

पुण्याजवळचा आणि गौरीकुंडचा अपघात वाऱ्यामुळे झाला का?

२ ऑक्टोबर २०२४ ला पुण्यात बावधनजवळ हेलिकॉप्टर पडून तिघांचा जीव गेला, तेव्हा सकाळचं दाट धुकं होतं. १५ जून २०२५ ला उत्तराखंडात केदारनाथच्या वाटेवरच्या गौरीकुंडजवळ सात जण गेले, त्यांत यवतमाळ जिल्ह्यातले प्रवासीही होते. तिथेही सुरुवातीची माहिती ढगांची आणि न दिसण्याची होती. हा वेगळा धोका आहे. प्रत्येक अपघात "हवामान" या एकाच शब्दात गुंडाळला की कशापासून सावध राहायचं तेच कळत नाही.

पुष्पवृष्टी, नवरदेवाची एंट्री, व्हिडिओ शूटिंग यांत खरंच जास्त धोका असतो का?

हो, आणि हे मी स्पष्टच सांगतो. फुलं टाकायची म्हणजे हेलिकॉप्टर खाली, हळू आणि गर्दीच्या वर गोल घिरट्या घालणार. एका घिरटीत वारा एकदा नाकावर, एकदा डाव्या अंगाला, एकदा शेपटीवर आणि एकदा उजव्या अंगाला येतो. म्हणजे वर सांगितलेले सगळे वाईट पट्टे प्रत्येक फेरीत ओलांडावे लागतात. त्यात "साहेब, अजून थोडं खाली घ्या, फुलं मंडपाबाहेर पडतायत" असा फोन खालून येतो. फुलं बाहेर पडतायत, याचा अर्थच वारा आहे.

अशा उंचीवर आणि वेगावर इंजिन बंद पडलं तर पात्यांच्या गतीवर सुखरूप उतरायलाही पुरेसा अवकाश नसतो. कार्यक्रमाची हौस मी समजू शकतो. पण एकदाच, सरळ रेषेत, वाऱ्याला नाक करून जरा वेगाने जाताना फुलं टाकली तर सोहळ्याचं काहीही कमी होत नाही. पायलटने असं सुचवलं तर लगेच हो म्हणा.

आमच्या गावात तात्पुरतं हेलिपॅड करायचं आहे. वाऱ्याच्या दृष्टीने काय पाहायचं?

परवानग्या, पोलीस, अग्निशमन हे सगळं प्रशासनाकडून होतं, त्यात शिरत नाही. वाऱ्यापुरतं सांगतो.

जागा निवडताना एकच बाजू मोकळी असलेलं मैदान टाळा. वारा कोणत्याही दिशेने असला तरी पायलटला वाऱ्याकडे तोंड करून येता आणि जाता यायला हवं, म्हणजे किमान दोन विरुद्ध दिशा मोकळ्या हव्यात. तारा, डीपी, मोबाइल टॉवर, नारळाची उंच झाडं कुठे आहेत ते फोटो काढून, दिशा लिहून आदल्या दिवशीच कळवा. तारा वरून जवळजवळ दिसत नाहीत. वाऱ्यामुळे ऐनवेळी मार्ग बदलावा लागला की नेमक्या त्याच आड येतात.

विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, उघड्यावर लावा. शाळेच्या गच्चीवर किंवा मंडपाच्या आडोशाला लावलेला विंडसॉक तिथलाच घुटमळणारा वारा दाखवतो आणि पायलटला फसवतो. एका मैदानात तो पाण्याच्या टाकीमागे लावलेला पाहिला होता. खांबावर पिशवी मेल्यासारखी लोंबत होती, आणि पन्नास पावलांवर कार्यकर्त्यांच्या हातातले झेंडे फडफडत होते. विंडसॉक नसेल तर उंच काठीला हलकं, रंगीत कापड बांधा. झेंडे आणि पताका हेलिपॅडपासून दूर ठेवा. सुटून वर गेलेलं कापड टेल रोटरमध्ये अडकू शकतं.

जमिनीवर टँकरने भरपूर पाणी मारा, तेही आदल्या रात्री नको, उतरण्याच्या तासभर आधी आणि आजूबाजूच्या पट्ट्यासकट. काळ्या मातीचा फुफाटा उडाला की पायलटला जमीन दिसत नाही आणि हेलिकॉप्टर कुठल्या बाजूला सरकतंय तेही कळत नाही. बाजूला सरकता सरकता एक स्किड (हेलिकॉप्टर ज्यावर टेकतं ती खालची दांडी) ढेकळात अडकली की ते त्या स्किडवरच कलंडतं. ३ मे २०२४ ला महाडला उतरताना हेलिकॉप्टर कलंडलं, त्या दृश्यात धुळीचा लोट सगळ्यांनी पाहिला आहे.

रोटरचा खाली येणारा झोत किती जोराचा असतो याचा अंदाज लोकांना येत नाही. पत्रे, प्लास्टिकच्या खुर्च्या, फ्लेक्स, उपरणी, टोप्या, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, सगळं उडतं. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद रायगडावर हेलिकॉप्टरने न जाता रोपवेने गेले, त्यामागेही शिवरायांच्या पुतळ्यावर धूळ उडू नये हीच लोकभावना होती.

प्रवासी म्हणून मी काय करू शकतो?

खरं वजन सांगा, स्वतःचं आणि बॅगेचंही. पाच किलो लपवून कुणाचाही फायदा होत नाही. यात्रेच्या ठिकाणी वजन करून घेतात ते भाडं वाढवण्यासाठी असतं असा गैरसमज आहे. पायलट त्यावरून ताकदीचा हिशेब करतो. कार्यक्रमाला जाणारे नेते ऐनवेळी एखादा जास्तीचा माणूस बसवायला सांगतात, तेव्हा तुम्ही जवळ असाल तर त्याला खाली थांबवायला मदत करा. त्याच्यासाठी गाडी पाठवता येते.

हेलिकॉप्टरकडे जाताना आणि उतरल्यावर पायलट किंवा कर्मचारी सांगतील त्याच बाजूने, पुढच्या अंगाने जा. शेपटीकडे कधीही जाऊ नका. फिरता टेल रोटर डोळ्यांना दिसत नाही, आणि एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथच्या हेलिपॅडवर त्याच्या फटक्याने एका सरकारी अधिकाऱ्याचा जीव गेला आहे. जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूने जाऊ नका, कारण तिथे मोठ्या रोटरची पाती जमिनीच्या जास्त जवळ येतात. वारा झोताचा असताना मंद फिरणारी पाती आणखी खाली झुकतात, म्हणून रोटर पूर्ण थांबेपर्यंत थांबणं उत्तम.

हेलिकॉप्टर कोणत्याही दिशेचा किती वारा सहन करू शकतं, याचा काही आकडा आहे का?

छोट्या हेलिकॉप्टरांच्या अमेरिकी प्रमाणपत्राच्या नियमांत कोणत्याही दिशेने किमान १७ नॉट, म्हणजे ताशी साधारण ३१ किलोमीटर वाऱ्यात ते ताब्यात राहिलं पाहिजे अशी अट आहे. प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत उंची, तापमान आणि वजनानुसार आलेख असतात. हा आकडा पायलटशी वाद घालायला वापरू नका. चाचणीत वारा एकसारखा असतो, वैमानिक त्याच कामाचा असतो, आणि खाली मंडप नसतो.

पैसे भरले आहेत, मुहूर्त टळतोय, आणि पायलट "वारा आहे, उतरणार नाही" म्हणतोय. काय करायचं?

ऐकायचं. बुकिंग करतानाच दोन गोष्टी लेखी ठरवून घ्या: हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैशांचं काय, आणि दहा-पंधरा किलोमीटरवर मोठं, मोकळं पर्यायी मैदान कोणतं. तिथे गाडी तयार ठेवा. हे आधी ठरलेलं असलं की पायलटवर दडपण येत नाही आणि तुमचाही खोळंबा अर्ध्या तासापुरता राहतो. त्याला फोनवर "मागच्या वेळचे कॅप्टन उतरले होते" असं सांगू नका. मागच्या वेळी वारा वेगळा होता, वजन वेगळं होतं, कदाचित महिनाही वेगळा होता. त्याला त्या क्षणी मैदानातून हवी असते ती एवढीच माहिती: वारा कुठल्या दिशेने येतोय, एकसारखा आहे की झोताने, आणि मैदान रिकामं आहे का.